कॅपो: गिटारवरचा चिमटा आणि टोळीतला म्होरक्या

हा बघा. कपडे वाळत घालायच्या चिमट्याचा मोठा भाऊ वाटतो ना, ह्याला म्हणतात कॅपो. आता फक्त हाताकडे बघा... दुसऱ्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या दुसऱ्या आडव्या धातूच्या पट्टीला अगदी खेटून लावला, सहाही तारा एकदम दाबल्या आणि अख्खी गिटार एक स्वर वर. बोटं ‘जी’ (G) कॉर्डच धरतायत, ऐकू येतोय ‘ए’ (A). गाणारी म्हणाली माझी पट्टी काळी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी, तर ‘सी’चे (C) बोटांचे शेप तसेच ठेवून कॅपो तिसऱ्या फ्रेटला न्यायचा, झालं काम. लोक ह्याला आळशी लोकांची सोय म्हणतात, म्हणू देत. पट्टीपासून लांब ठेवला तर तार खरखरते, जास्त आवळला तर सूर चढतो, ही अशी खरखर, आली ऐकायला?

इटालियनमधे कापो म्हणजे डोकं आणि तास्तो म्हणजे ही पट्टी, म्हणून कापोतास्तो. जोव्हान्नी बात्तिस्ता दोनी ह्या इटालियन संगीत अभ्यासकाने १६४० मधे हा शब्द वापरलाय. गिटारच्या कॅपोचं पेटंट १८५० मधलं, अमेरिकेतल्या जेम्स ॲशबॉर्नचं. आणि हा लाकडी, खुंटी पिळून दोरीने आवळायचा, स्पेनमधल्या फ्लॅमेंको संगीतवाल्यांचा. ते ह्याला सेहिया म्हणतात, म्हणजे छोटी भुवई. डोक्यावरून भुवईवर आले!

आता हा गाण्याच्या नोटेशनचा कागद. शेवटी डी.सी. लिहिलंय, दा कापो, डोक्यापासून, आपल्या भाषेत पहिल्यापासून. हँडेल ह्या संगीतकाराच्या ऑपेरात अशा आरिया, म्हणजे एकट्याने गायची गाणी, भरपूर, पहिला भाग परत येतो तेव्हा गाणारा त्यात स्वतःच्या जागा घेतो, तीच तर खरी मजा.

हा ड्रोन शॉट दक्षिण गोव्यातल्या काबो द रामाचा. पोर्तुगीज काबो पण त्याच लॅटिन कापुतमधून आलाय, समुद्रात घुसलेलं जमिनीचं डोकं. मराठीत काय म्हणतो आपण? भूशिर!

बरं, नेटवर कॅपो टाकलं की बंदूकवाले पण येतात, म्हणून तेही सांगतो. सिसिलीच्या माफियात दहाएक माणसांवरचा म्होरक्या तो कापोदेचिना, अमेरिकेत तोच कापोरेजिमे, दोघांचं तोंडी झालं कापो. हे जुनं फुटेज सिसिलीतल्या पालेर्मोचं, माफियावरच्या मोठ्या खटल्यासाठी खास बांधलेलं कोर्ट, पिंजऱ्यात आरोपी. खटला १९८६ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, पावणेपाचशेच्या आसपास आरोपी, डिसेंबर १९८७ मधे तीनशेहून जास्त जणांना शिक्षा. कोणाच्या वर कोण, ही सगळी उतरंड माफियातल्याच तोम्मासो बुशेत्ताने फुटून तपास करणारे न्यायाधीश फाल्कोनेंना सांगितली होती. १९९२ मधे फाल्कोने आणि त्यांचे सहकारी न्यायाधीश बोर्सेलिनो दोघांनाही माफियाने बॉम्बने मारलं.

...

परत गिटार. गाणं संपलं की कॅपो इथे वर हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाला, अडकवून ठेवायचा, खिशात टाकला की हरवतो, आमचा हा तिसरा आहे.