बावटा आणि पोफळ

नमस्कार श्रोतेहो.

श्रीवर्धनजवळ माझ्या काकांची नारळी-पोफळीची वाडी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा काका-काकू घरात नव्हते. आदल्या दिवशीच त्यांना गावातल्या शाळेत नेलं होतं. परत आले तर वाडीत शिरायला वाटच उरली नव्हती. पोफळी कमरेतून मोडून एकमेकींवर आडव्या पडलेल्या, विहीर झावळ्यांनी काठोकाठ भरलेली. काका बराच वेळ तिच्या कठड्यावर हात ठेवून उभे होते. ती दोघं वाचली, वाडी गेली. आज मला बोलायचंय ते या दोन गोष्टींमधल्या अंतराबद्दल.

‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशने सुचवलेलं. आपल्या दोन्ही समुद्रांवरच्या वादळांना १३ देश आळीपाळीने नावं देतात. भारत-पाकिस्तान, इराण-सौदी अरेबिया, म्यानमार, ओमान, सगळे एकाच यादीत! नावाचं आपल्याला कौतुक वाटतं, पण त्यामागचं काम फार मोठं आहे. दिल्लीचं हवामान खातं या सगळ्या देशांना वादळाचा अंदाज कळवतं. राजकारणात कितीही ताणलेलं असो, वादळाची बातमी अडवली जात नाही.

ही व्यवस्था उभी राहिली ती फार मोठी किंमत मोजून. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला चक्रीवादळ आलं. किमान तीन लाख माणसं गेली. वादळ येतंय हे हवामानवाल्यांना ठाऊक होतं, पण बेटांवरच्या झोपड्यांपर्यंत ते नीट पोचलंच नाही. त्यानंतर, १९७२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने या भागातल्या देशांचं चक्रीवादळ मंडळ स्थापन झालं. त्याच सुमारास नव्या बांगलादेशात रेड क्रॉसच्या मदतीने स्वयंसेवकांची फळी उभी राहू लागली. आज ती ७० हजारांच्या पुढे आहे आणि त्यात निम्म्याच्या आसपास बायका आहेत. इशारा आला की गावात लाल बावटे चढतात. एक बावटा म्हणजे सावध राहा, तीन म्हणजे निघा. मग कर्णा घेऊन घरोघरी जायचं, म्हाताऱ्यांना हात धरून निवाऱ्यात न्यायचं. मे २०२० मध्ये अम्फान आलं, तेव्हा तिथे वीस लाखांवर लोक हलवले गेले. मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. तीन लाखांवरून दोन अंकी! शेजाऱ्यांनी एकमेकांना धरून राहिलं की काय घडतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

बावटा कोकणालाही नवा नाही. बंदरावर तीन नंबरचा लागला की होड्या आत येतात. पण २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं, तेव्हा खोल समुद्रात गेलेल्या कित्येक खलाशांना वेळेवर कळलं नाही. काही घरं अजून त्यांची वाट बघतात. आणि अरबी समुद्र आता पूर्वीसारखा शांत राहिलेला नाही. तो तापतोय, त्यावरची वादळं वाढली आहेत आणि त्यांचा जोरही वाढलाय, हे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय.

म्हणजे माणूस वाचवायला आपण शिकलो. पण वाचलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी खायचं काय? पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं लागतात. वाऱ्याला दाद न देणारं घर, खाऱ्या पाण्यात तगणारं भाताचं बी, बंधारा, कांदळवन, या सगळ्याला पैसा लागतो. श्रीमंत देशांनी तो द्यावा हे १९९२ च्या हवामान करारातच लिहिलेलं आहे. हवेत सर्वांत जास्त धूर त्यांनीच सोडला, तेव्हा ते उपकार नाहीत, देणं आहे. २०२१ ला ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेत ठरलं की २०२५ पर्यंत ही मदत दुप्पट करून वर्षाला ४० अब्ज डॉलरपर्यंत न्यायची. प्रत्यक्षात २०२२ मध्ये विकसनशील देशांना २८ अब्ज मिळाले आणि २०२३ मध्ये २६. वाढायच्या ऐवजी घटले! मला याचा राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

कारण पैसा आला की काय होतं तेही समोर आहे. त्याच हवामान कराराखालच्या हरित हवामान निधीतून सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलर आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यांसाठी मंजूर झाले. त्यातून सिंधुदुर्गात खाडीकाठच्या बायकांचे बचत गट खेकडापालनासारखे उद्योग करतात आणि कांदळवन राखतात. ते राहिलं तर लाट आधी त्याच्यावर आपटते, घरावर नंतर. आपल्या रायगड-रत्नागिरीच्या खाड्यांनाही हे हवंच आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेमला हवामान परिषदेसाठी देश पुन्हा जमले. ही मदत तिप्पट करण्याचं आवाहन झालं, पण मुदत घातली २०३५ ची. काकांनी निसर्गनंतरच्या पावसाळ्यात नवी रोपं लावली, दोन-दोन हातांवर, जुन्याच आळ्यांत. बऱ्याच रोपांनी आता उंची धरलीय. २०३५ पर्यंत त्या पोफळींवरून आणखी किती वादळं जातील, असं काका मागे फोनवर विचारत होते. मला उत्तर देता आलं नाही.

नमस्कार.