बाटलीभर पाण्यातली खाडी

नमस्कार. एवढ्या पावसात आलात, बरं वाटलं. मागे उभे असलेल्यांनी पुढे या, पुढच्या रांगेत चार खुर्च्या रिकाम्या आहेत आणि मी कुणाला प्रश्न विचारणार नाहीये. पत्रिकेवर विषय छापलाय 'पर्यावरणीय डीएनए आणि किनारी पाण्यातली जैवविविधता', आणि खाली छापलंय की आपल्या कोकणच्या खाड्यांसाठी हे कसं वापरायचं ते मी सांगणार आहे. सांगतो, पण आधी थोडं इकडचं तिकडचं.

मासा पाण्यातून गेला की मागे काहीतरी सोडून जातो. अंगावरचा बुळबुळीत चिकट थर, विष्ठा, झडलेल्या पेशी, अंडी घालायच्या दिवसांत तर विचारूच नका. या सगळ्यात त्याचा डीएनए असतो. आपण काय करायचं, खाडीचं लिटरभर पाणी घ्यायचं, अगदी बारीक भोकांच्या फिल्टरमधून गाळायचं, फिल्टरवर जे अडकलं त्यातून डीएनए काढायचा, त्यातला एक ठरावीक छोटा तुकडा पीसीआरने वाढवायचा, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढायच्या, मशीनवर वाचायचा आणि आधी नोंदवून ठेवलेल्या तुकड्यांशी ताडून बघायचा. मासा हातात नाही, जाळं नाही, तरी कोण येऊन गेलं ते कळतं.

2008 साली फ्रान्समध्ये काही तळ्यांत अमेरिकन बुलफ्रॉग आहे की नाही हे नुसत्या पाण्यावरून ओळखलं. समुद्राचं पाणी एवढं अफाट, त्यात काय सापडणार असं लोक म्हणत होते, तर 2012 मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी अर्धा अर्धा लिटर समुद्राचं पाणी घेऊन 15 जातींचे मासे काढून दाखवले. मग 2015 ला जपानी मंडळींनी मायफिश नावाचे प्रायमर तयार केले, म्हणजे बहुतेक सगळ्या माशांच्या डीएनएमधला साधारण 170 अक्षरांचा एकच तुकडा पकडणारा चिमटा म्हणा, आणि त्यानंतर कामाने वेगच घेतला. जपानच्या मायझुरू उपसागरात त्यांनी एका दिवसात 47 ठिकाणचं पाणी घेतलं आणि 128 जाती मिळाल्या. तिथे 14 वर्षं लोक पाण्याखाली उतरून मासे मोजत होते, आणि त्या सगळ्या वर्षांत न दिसलेले निदान 23 स्थानिक मासे त्या एका दिवसाच्या पाण्यात निघाले. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

शाळेत गेलो की मुलं हमखास लॉख नेसच्या राक्षसाबद्दल विचारतात, म्हणून तेही सांगून टाकतो. 2018 मध्ये स्कॉटलंडच्या त्या तळ्याचे खरंच साधारण अडीचशे नमुने घेतले. सरपटणाऱ्या प्राण्याचा डीएनए शून्य. पण वाम माशाचा डीएनए जवळजवळ प्रत्येक ठिकाणी. एका मुलाने लगेच हात वर केला, सर मग ती वाम केवढी मोठी होती? फार चांगला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पाणी देत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मला जे खरं बोलायचंय ते. काही वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावरच्या एका खाडीत जेटीचं काम निघालं होतं, खाडीचं नाव घेत नाही आणि कंपनीचंही नाही. पर्यावरणाचा अहवाल आला, जाडजूड, रंगीत नकाशे. मी मासळीचं पान उघडलं तर अर्धं पानसुद्धा नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं की माणसं आली मे महिन्यात, भर दुपारी, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाग म्हणजे फेकायचं जाळं टाकलं दोनदा, आलं ते लिहिलं आणि निघून गेली. खाडी म्हणजे काय, उधाणाला एक असते, भांगाला एक, पावसात वरचं गोडं पाणी उतरलं की तिसरीच. तांबोशीची पिल्लं कांदळवनाच्या मुळांत लपून वाढतात, तिथे पाग पडतच नाही, अडकून फाटतो. जिताडा तर आयुष्यात कधी गोड्या पाण्यात, कधी खाऱ्या, तरुणपणी नर आणि मोठा झाला की मादी, तो दुपारी दोन वाजता तुमच्या पागात येऊन बसणार आहे का?

जनसुनावणीला मी मागे बसलो होतो. एक काकी उठली, कालवं काढून आणि मासे विकून घर चालवलेली बाई, साठीच्या पुढची. तिने माइक नको म्हणून सांगितलं आणि सुरुवात केली. बोय, शिंगाळा, काळुंद्र, मुडदुशी, वाम, पाखट, तांबोशी, जिताडा, निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबीचे प्रकार वेगळे. आणि नुसती नावं नाहीत हो, कोणता कुठल्या वळणावर, कोणता कुठल्या पाण्याला, गाबोळीचा कधी मिळतो. सभागृह गप्प. समोरचे साहेब ऐकत होते, वाईट माणूस नव्हता, त्यांनी शेवटी शांतपणे विचारलं, याला काही लेखी पुरावा आहे का? काकी खाली बसली. मला तो क्षण आजही विसरता येत नाही. चाळीस वर्षांचं ज्ञान एका प्रश्नात खाली बसलं आणि दोनदा टाकलेला पाग पुरावा ठरला कारण तो टाइप केलेला होता. मी त्या दिवशी घरी आलो आणि ठरवलं की या बाईचं म्हणणं कागदावर येईल असं काहीतरी आपण शिकायचं. माझ्यासाठी डीएनए वगैरे सगळं तिथून सुरू झालं.

मग शिकायला लागलो, आणि पहिल्याच मोठ्या फेरीत दणका बसला. आम्ही नियमाप्रमाणे एक बाटली कोरी ठेवली होती, म्हणजे विकतचं सीलबंद पाणी होडीतच उघडायचं आणि खाडीच्या पाण्यासारखंच गाळायचं, त्यात काही निघता कामा नये. निकाल आला तर कोऱ्या बाटलीत बांगडा! सगळी आठवण काढली तेव्हा लक्षात आलं, दुपारी होडीतच डबे उघडले होते आणि डब्यात बांगड्याचं तिखलं. शिजवलं तरी डीएनएचे छोटे तुकडे शिल्लक राहतात, आणि हे मशीन तेवढेच शोधत असतं. हात धुतले होते, पण तेवढं पुरत नाही. त्या दिवसाच्या सगळ्या नमुन्यांतला बांगडा आम्ही फेकून दिला, खरा असेल तोही. तेव्हापासून फेरीच्या दिवशी डब्यात उसळ, बाटल्या ब्लीचने धुतलेल्या, प्रत्येक जागी नवे हातमोजे.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात बंदरात होते. मायझुरूमध्येसुद्धा मासळी बाजाराजवळच्या पाण्यात बाजारातल्या माशांचा डीएनए भरपूर निघाला होता. म्हणजे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जेटीखालचं पाणी घेऊन तुम्ही म्हणाल वा काय सुरमई आहे इथे, तर ती सुरमई लांब समुद्रात पकडलेली आणि इथे फक्त धुतलेली.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. बरं. मग पत्रिकेवरचं आता भराभर सांगतो.

आपल्याकडे मासळीची आकडेवारी मुख्यतः बंदरावर उतरलेल्या मालाची असते. जे विकलं जातं ते मोजलं जातं, आणि 1 जून ते 31 जुलै बंदी असते तेव्हा मोठ्या बोटी बंद म्हणजे तो आकडाही जवळपास बंद, आणि नेमके तेच दोन महिने खाडीत सगळ्यात जास्त घडामोडी. पाण्याची बाटली मात्र जूनमध्येही भरता येते, एकही मासा न मारता. म्हणून माझं म्हणणं आहे की प्रत्येक मोठ्या खाडीत, जयगड, भाट्ये, राजापूर, विजयदुर्ग, दर महिन्याला तीन जागी पाणी घ्यावं, मुखाशी, मध्ये आणि वर कांदळवनात, प्रत्येक जागी तीन बाटल्या आणि एक कोरी. ओहोटी संपत आली की घ्यायचं, म्हणजे वरून वाहून आलेलं मिळतं, भरतीला घेतलं तर समुद्राचं मिळेल. आपलं पाणी गरम, त्यात डीएनए लवकर तुटतो, काही तासांत नाहीतर थोड्या दिवसांत, त्यामुळे शक्यतो तिथेच गाळायचं आणि फिल्टर लगेच अल्कोहोलमध्ये. पावसात गाळाने फिल्टर पेला दोन पेले पाण्यातच तुंबतो, मग दोन-तीन फिल्टर वापरा, पण किती पाणी गेलं ते लिहा. कांदळवनाच्या पाण्यातलं टॅनिन, म्हणजे झाडापानांतलं तुरट द्रव्य, पीसीआर अडवतं, तेव्हा काही निघालं नाही म्हणजे मासा नाही असं लिहू नका, कृपा करून लिहू नका, नाहीतर आपणही त्या अहवालवाल्यांसारखेच झालो. किती मासे, केवढे, जिवंत की मेलेले, हे यातून कळत नाही. त्यासाठी जाळं आणि माणूस लागणारच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे शेवटच्या दोन मिनिटांत सांगावं लागतंय. मशीन जो तुकडा वाचतं त्याला नाव कुठून मिळतं? आधी कुणीतरी तो मासा ओळखून त्याचा तुकडा नोंदवलेला असेल तरच. आपल्याकडच्या माशांचं जे बारकोडिंग, म्हणजे ओळखीच्या तुकड्याची नोंद, झालंय ते बहुतेक सीओआय नावाच्या जीनचं, आणि मायफिश वाचतो 12एस नावाचा दुसराच जीन, म्हणजे मासा एका वहीत आहे आणि आपण शोधतोय दुसऱ्या वहीत. मुडदुशीच घ्या, मुंबईकडे तिलाच रेणवी म्हणतात, शास्त्रात सिलागो, आणि त्या सिलागोत एकमेकींसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच जाती. कोणती आपली, हे ठरवायला आधी ताजी मुडदुशी हातात हवी, तिच्या पराचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये हवा, पट्टी ठेवून काढलेला फोटो हवा, आणि सोबत गावातलं नाव, जागा, तारीख, पाणी उधाणाचं की भांगाचं. सिक्वेन्सिंगला, म्हणजे मशीनवर डीएनए वाचायला, आज पैसे नसतील तर फिल्टर उणे 20 च्या फ्रीझरमध्ये राहू द्या, पाच वर्षांनी वाचता येतील. पण जेटीवर बसून चाळीस नावं सांगणारी माणसं पाच वर्षांनी असतीलच असं नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या आधी जेटीवर जायचंय.

घंटा झाली. एवढंच सांगतो, उद्या सकाळी ओहोटीला भाट्ये पुलाखाली भेटू, बाटल्या मी आणतो, फोन चार्ज करून आणा, चिखलात चालायची तयारी ठेवा. सुनावणीतली ती काकी पहिल्या एसटीने येतेय, राजिवड्यातले एक चाचाही आहेत. मासे त्यांनी ओळखायचे, नावं तुम्ही लिहायची, दोघांची नावं वेगळी आली तर दोन्ही लिहायची. आणि डब्यात मासे आणू नका.