मिडब्रेन क्लासची फी भरण्याआधी हे ऐका, बुद्धी खरंच वाढते का?

नमस्कार मंडळी, साताऱ्यातून बोलतोय. शिष्यवृत्ती, नवोदय, सैनिक स्कूलचे फॉर्म निघाले की आपल्याकडे घरोघरी एकच विषय सुरू होतो, पोरगं हुशार आहे पण अजून हुशार कसं करायचं, आणि बरोबर त्याच टायमाला पेपरातून पॅम्प्लेट येतं, मिडब्रेन अॅक्टिव्हेशन, दोन दिवसांचं शिबिर, मूल डोळ्यांना पट्टी बांधून पुस्तक वाचणार. फी हजारांत.

तर आधी हे मिडब्रेन काय आहे ते बघू. मेंदूच्या खाली, मणक्याकडे जाणारा जो दांडा असतो ना, त्याचा सगळ्यात वरचा छोटासा भाग म्हणजे मिडब्रेन. डोळे फिरवणं, आवाज आला की तिकडं मान वळणं, जागं राहणं, असल्या कामात त्याचा हात असतो. म्हणजे तो जन्मापासून चालूच आहे, अॅक्टिव्हेट काय करणार? तो बंद पडला तर माणूस बेशुद्ध असतो, शिबिराला चालत येत नाही.

मग पट्टी बांधून पोरं वाचतात कशी? नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते, तिथून खाली दिसतं. खात्री करायची असेल तर पुस्तक छातीसमोर खाली न धरता कपाळाच्या वर धरायला सांगा, वाचन तिथंच थांबतं. पैसे जातात ते जातातच, पण मला जास्त वाईट याचं वाटतं की त्या पोराला कळत असतं आपण फटीतून बघतोय, समोर आई-वडील टाळ्या वाजवतायत, आता ते खरं बोलणार कसं? डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात तरी पालकांनी उभं राहून प्रश्न विचारलाच पाहिजे.

बरं, मग बुद्धी वाढतच नाही का? तर तसं नाहीये, आणि इथून पुढचं खरं इंटरेस्टिंग आहे.

मेंदूचं वजन साधारण 1300-1400 ग्रॅम, शरीराच्या 2 टक्के, पण शरीराची 20 टक्के एनर्जी एकटा खातो. आत साधारण 8600 कोटी न्यूरॉन, म्हणजे एकमेकांना निरोप देणाऱ्या मेंदूतल्या पेशी. आपण काहीही शिकतो तेव्हा या न्यूरॉनमधली कनेक्शन बदलतात, जी वापरात येतात ती घट्ट होतात, जी पडून राहतात ती ढिली पडतात. पाणंदीसारखंच आहे ते, रोज माणसं-बैलं गेली तर वाट राहते, नाहीतर दोन पावसाळ्यात गवत माजतं.

आता पुरावा. लंडनमध्ये टॅक्सीचं लायसन्स पाहिजे तर जवळपास 25000 रस्ते तोंडपाठ करावे लागतात, तीन-चार वर्षं जातात त्यात. एलिनॉर मॅग्वायर नावाच्या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकारी, यांनी ही तयारी करणारे 79 जण घेतले, सुरुवातीला स्कॅन केलं, सगळे सारखेच. काही वर्षांनी परत स्कॅन केलं तर जे पास झाले त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग, म्हणजे जागा आणि रस्ते लक्षात ठेवायचा भाग, वाढलेला होता. नापास झाले त्यांच्यात तसा बदल नव्हता. 2011 चा अभ्यास आहे हा, आणि ही सगळी मोठी माणसं होती, लहान मुलं नव्हेत. पण यात अजून एक गोष्ट आहे जी सहसा कुणी सांगत नाही, पास झालेले ड्रायव्हर दुसऱ्या एका स्मरणाच्या टेस्टमध्ये, एक आकृती बघून थोड्या वेळानं आठवून काढायची, त्यात मागे पडले. म्हणजे जे घासलं ते वाढलं, सगळंच वाढलं नाही.

मोबाईलवरच्या ब्रेन गेम्सचं पण हेच. 2010 मध्ये 11430 लोकांना सहा आठवडे असे गेम खेळायला लावले होते, लोक गेममध्ये पटाईत झाले, बाकी विचारशक्तीत फरक नाही.

मग सगळीकडं उपयोगी पडेल असं काय आहे? शाळा. खरंच, साधी शाळा. 2018 मध्ये सहा लाखांहून जास्त लोकांचा डेटा एकत्र करून बघितला तर शिक्षणाचं एक वर्ष वाढलं की आयक्यू 1 ते 5 पॉइंट वाढतो असं निघालं, आणि तो फरक म्हातारपणापर्यंत टिकलेला दिसतो. अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहेच, ते कुणी नाकारत नाही. पण 1905 मध्ये ज्यांनी पॅरिसमध्ये बुद्धीची पहिली टेस्ट बनवली ते आल्फ्रेड बिने, त्यांनी ती कुणाला जास्त मदत लागेल हे शोधायला बनवली होती, ढ म्हणून शिक्का मारायला नाही. बुद्धी वाढवता येते असंच ते म्हणायचे.

आणि आपल्या जिल्ह्यात तर हे आधीच करून झालंय हो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 ला कराड तालुक्यातल्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला ती साताऱ्यात आणली, सगळ्या जातीची गोरगरीब पोरं एका बोर्डिंगमध्ये ठेवून शिकवली. जी पोरं गुरांमागं गेली असती ती वर्षानुवर्षं शाळेत बसली. आजचा डेटा बघितला की मला वाटतं त्या माणसानं किती मेंदू घडवले असतील! म्हणून हात जोडून सांगतो, दहावीनंतर मुलीचं नाव काढायचा विचार कुणाच्या घरात चालू असेल तर थांबा, ती दोन वर्षं कुठल्याही क्लासपेक्षा मोठी आहेत.

घरी काय करायचं? धडा चार-चार वेळा वाचून घेणं बंद करा. 2006 चा प्रयोग आहे, परत परत वाचणाऱ्यांना आठवड्यानं 42 टक्के आठवलं, एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणाऱ्यांना 56. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारेच पुढं होते, म्हणून आपल्याला वाटतं की झालं पाठ. तर आज एक धडा वाचून झाला की पुस्तक मिटवा, आठवेल तेवढं लिहायला सांगा, मग दोघं मिळून पुस्तक उघडून तपासा. चुकलं तर ओरडू नका, आठवायची धडपड करून मग बरोबर उत्तर बघितलं की ते पक्कं बसतं. तोच धडा दोन दिवसांनी परत विचारा, नंतर आठवड्यानं. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागवू नका, दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो. झोपेवर पुढचा व्हिडिओ करतोय, तिथं भेटू.