माणसं मोजून आखलेली रेघ

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'ब्रेक्झिट : सीमा, लोकसंख्या आणि संघातून बाहेर पडणं'. म्हणजे ब्रिटननं युरोपीय संघ सोडला त्याची गोष्ट, आणि एका व्याख्यानात तीन व्याख्यानं. त्यामुळे लंडन, कॅमेरून आणि बोरिस जॉन्सन यांचे केस हे तुम्ही टीव्हीवर पुष्कळ पाहिलंय असं मी धरून चालतो. मला तुम्हाला आधी क्लोनिसला न्यायचंय.

क्लोनिस हे आयर्लंडच्या मोनॅहन काउंटीतलं बाजाराचं गाव. रेल्वेचं जंक्शन होतं. शेजारच्या फर्मॅना काउंटीतले शेतकरी गुरं घेऊन इथल्या बाजारात यायचे. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली आणि फर्मॅना उत्तरेत, म्हणजे ब्रिटनकडे राहिलं. मोनॅहन दक्षिणेत, म्हणजे पुढं स्वतंत्र झालेल्या आयर्लंडमध्ये गेलं. १ एप्रिल १९२३ पासून रेघेवर जकात नाकी बसली. गाव जागेवरच राहिलं, गिऱ्हाईक परदेशी झालं. पुढं १९५७ साली रेल्वेही बंद पडली. क्लोनिसहून कॅव्हनकडे निघालात तर काही मैलांत चार वेळा देश बदलतो. ड्रमुली नावाचा तुकडा तर असा, की आहे दक्षिणेचा, पण दक्षिणेतून गाडीनं तिथं जायचं तर उत्तरेतूनच जावं लागतं. हे कुणी ठरवून केलेलं नाही. जुन्या काउंट्यांच्या हद्दी होत्या, त्यांनाच एका रात्रीत देशाची सीमा म्हटलं गेलं.

आता हद्द काउंटीचीच का? इथं खरी मेख आहे. अल्स्टर प्रांतात नऊ काउंट्या. नऊच्या नऊ घेतल्या असत्या तर प्रोटेस्टंट, म्हणजे ब्रिटनशी जोडून राहू इच्छिणारे, जेमतेम बहुमतात. सहाच घेतल्या तर साधारण तिघांत दोन. म्हणून सहा घेतल्या. पण त्या सहांतल्या फर्मॅना आणि टिरोन या दोन काउंट्यांत कॅथलिकच जास्त होते! त्यांना कुणी विचारलं नाही. १९२१ च्या करारात सीमा आयोगाचं कलम होतं. रहिवाशांच्या इच्छेनुसार, आर्थिक आणि भौगोलिक परिस्थितीला धरून रेघ दुरुस्त करायची, असं त्यात लिहिलेलं. आयोग बसला, न्यायमूर्ती फीटम त्याचे अध्यक्ष. १९२५ साली अहवाल वर्तमानपत्रात फुटला, गदारोळ झाला आणि लंडन, डब्लिन, बेलफास्ट या तिन्ही सरकारांनी मिळून तो दडपला. लोकांना तो वाचायला मिळाला १९६९ साली.

तुमच्यातले काही आत्ताच हसले. बरोबर आहे, बेळगाव-निपाणीचा प्रश्न ऐकत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. जिल्हा घटक धरायचा की खेडं, लोकेच्छा कशी मोजायची, सलगता म्हणजे काय. पाटसकर सूत्र आणि महाजन अहवाल यांवर आपल्याकडे पिढ्या भांडल्या. घटक कोणता धरला यावर निकाल ठरतो, हे सीमाभागातल्या माणसाला पाठ असतं. पण त्यात शिरलो तर आज आयर्लंडला परत येणं व्हायचं नाही.

तर त्या रेघेवरचं जगणं. मोजकेच रस्ते 'मान्य' रस्ते. बाकीच्या रस्त्यांनी माल नेला की तो चोरटा. १९३२ नंतर ब्रिटननं आयरिश गुरांवर जबर कर बसवला, तेव्हा रात्रीतून गुरं उत्तरेत हाकली जायची. महायुद्धात दक्षिणेत चहा मिळेना, तो उत्तरेतून यायचा, आणि उत्तरेच्या बायका लोणी आणायला आगगाडीनं दक्षिणेत जायच्या. कोटाखाली लोणी बांधून परतायचं आणि डबा गरम असला की जकात अधिकारी मुद्दाम रेंगाळायचा, असे किस्से तिथं घरोघरी आहेत. तुम्ही हसताय, तेही हसतच सांगतात. पण १९६९ नंतर हसणं संपलं. ब्रिटनसोबत राहायचं की आयर्लंडशी जोडायचं, यावरून उत्तरेत सशस्त्र संघर्ष पेटला. सैन्यानं लहान रस्ते खणून, खांब रोवून बंद केले. टेकड्यांवर टेहळणीचे मनोरे आले. उत्तरेतल्या न्यूरी या सीमेजवळच्या गावी, जकात नाक्यावर ऑगस्ट १९७२ मध्ये बॉम्ब फुटला. नऊ जण गेले, त्यांत बॉम्ब आणणारे तिघे. बाकीचे कारकून आणि ट्रकचालक. तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली.

ती रेघ पुसट झाली दोन गोष्टींनी. १ जानेवारी १९९३ ला युरोपीय संघाची एकल बाजारपेठ आली, म्हणजे संघातल्या देशांत माल न अडवता फिरू लागला, आणि जकात नाकी उठली. १० एप्रिल १९९८ ला गुड फ्रायडे हा शांतता करार झाला, पुढे सैन्य गेलं. मी डब्लिनहून बेलफास्टला बसनं गेलो तेव्हा सीमा शोधत बसलो होतो. रस्त्याच्या कडेची पिवळी तुटक रेघ पांढरी झाली, पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल आले, फोनवर नव्या कंपनीचा संदेश आला. बस. शेजारचा प्रवासी झोपला होता, तो झोपलेलाच राहिला. साडेतीन हजार माणसं गमावल्यावर मिळालेली ही झोप आहे, आणि संघात राहायचं की नाही यावरच्या २०१६ च्या सार्वमताच्या प्रचारात तिच्याबद्दल जवळजवळ कुणी बोललं नाही याचा मला आजही संताप येतो. टोनी ब्लेअर आणि जॉन मेजर हे दोन माजी पंतप्रधान मुद्दाम उत्तरेतल्या डेरी शहरात जाऊन धोका सांगून आले. प्रचारातली सीमा मात्र फ्रान्ससमोरच्या डोव्हर बंदराची राहिली. युनायटेड किंगडमची जमिनीवरची एकुलती एक सीमा चर्चेत नाही आणि प्रश्न सीमेचाच!

२३ जून २०१६ ला ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरवलं. उत्तर आयर्लंडनं ५५.८ टक्क्यांनी राहायचं म्हटलं होतं. मग अडचण उभी राहिली. ब्रिटन एकल बाजारपेठेच्या बाहेर, आयर्लंड आत, मग माल तपासायचा कुठं? उत्तरेतल्या गोठ्यांतलं कोट्यवधी लिटर दूध दक्षिणेतल्या कारखान्यांत जातं. तो टँकर कुठं थांबवायचा?

इथं आपला माणूस येतो. लिओ वराडकर, आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान. वडील डॉक्टर, मालवण तालुक्यातल्या वराडचे. (टाळ्या) वाजवा, वाजवा, २०१९ च्या डिसेंबरात ते वराडला आले तेव्हा याहून जोरात वाजल्या होत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रसेल्सला युरोपच्या नेत्यांचं जेवण होतं. वराडकर तिथं वर्तमानपत्राचा अंक घेऊन गेले. त्यात न्यूरीच्या त्या जकात नाक्याची बातमी होती. तो अंक त्यांनी बाकीच्या नेत्यांना दाखवला. जर्मनी-फ्रान्सच्या माणसाला ही सीमा नकाशावरच ठाऊक असणार, त्याच्यापुढे नऊ मेलेली माणसं ठेवली. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार तिथल्या संसदेत ४३२ विरुद्ध २०२ असा आपटला. मग ऑक्टोबर २०१९ मध्ये वराडकर आणि मे यांच्यानंतर आलेले जॉन्सन यांच्या भेटीतून वाट निघाली : ब्रिटनहून उत्तर आयर्लंडला येणाऱ्या मालाची तपासणी जमिनीवर नको, समुद्रात, बंदरांवर करायची. क्लोनिस सुटलं, पण बेलफास्टचे युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोडून राहू इच्छिणारे, भडकले. आपल्याच देशातून येणारं सॉसेज तपासायचं? त्यापायी २०२२ ते २०२४ उत्तरेची विधानसभाच ठप्प. लंडन आणि युरोपीय संघ यांच्यातल्या २०२३ च्या विंडसर चौकट या तडजोडीनं थोडं निवळलं.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. आणि लोकसंख्या अजून बाकी! भराभर सांगतो.

ब्रिटनमध्ये प्रचार होता 'माणसं फार झाली' याचा. मतदानाच्या महिनाभर आधी आकडा आला, २०१५ ची निव्वळ आवक, म्हणजे आलेले वजा गेलेले, ३ लाख ३३ हजार. बाहेर पडल्यावर काय झालं? युरोपातून येणारे घटले, भारत-नायजेरियातून विद्यार्थी आणि शुश्रूषेचं काम करणारे वाढले. २०२३ च्या मध्यापर्यंतच्या वर्षात निव्वळ आवक ९ लाखांच्या वर गेली. वृद्धांची देखभाल करायला, विद्यापीठांची फी भरायला माणसं हवीच होती. पुण्या-नाशिकची किती मुलं त्यात आहेत ते तुम्हीच मोजा. संघ सोडल्यानं गर्दी घटत नाही. गरज घटली तर घटते.

आणि आयर्लंडमध्ये दुखणं नेमकं उलटं. १८४१ साली अख्ख्या बेटावर ८० लाखांच्या वर माणसं होती. दुष्काळात दहा लाख मेली, तेवढीच परदेशी गेली. आज दोन्ही भाग मिळून ७० लाखांच्या वर, म्हणजे ती तूट अजूनही भरून निघालेली नाही. पण उत्तरेत प्रमाण हललं. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक घरांतले ४५.७ टक्के, प्रोटेस्टंट घरांतले ४३.५. म्हणजे ज्या बहुमतासाठी सहा काउंट्या निवडल्या होत्या, ते शंभर वर्षांत सरलं. डोकी मोजून आखलेली सीमा दर जनगणनेला नव्यानं सिद्ध करावी लागते, हे मला आज सांगायचं होतं.

आता १९९८ च्या कायद्यात, उत्तरेनं आयर्लंडमध्ये सामील व्हायचं का, यावर सार्वमताची सोय आहे. बहुमत बदलल्याची चिन्हं दिसली तर ब्रिटनच्या मंत्र्यानं ते घ्यायचं, दोन सार्वमतांत किमान सात वर्षं अंतर. ते कधीतरी येईल. माझं म्हणणं एवढंच, की ते १९९८ सारखं व्हावं, २०१६ सारखं नको. १९९८ ला कराराची छापील प्रत उत्तरेतल्या घराघरांत पोचवली होती. लोकांनी ती वाचली, त्यावर भांडले आणि ७१ टक्क्यांनी हो म्हटलं. २०१६ ला मतपत्रिकेवर एक प्रश्न होता, त्यामागे मजकूरच नव्हता. बाहेर पडायचं म्हणजे टँकरचं काय करायचं, हे आधी लिहा, मग मत मागा. पन्नास टक्के आणि एक मत एवढ्यावर एकीकरण झालं तर उरलेल्यांना तेच वाटेल जे १९२१ ला फर्मॅनातल्या कॅथलिकांना वाटलं होतं. त्यांची पेन्शन, त्यांची शाळा, त्यांचा झेंडा या सगळ्याचं काय, हे आधी कागदावर हवं.

स्कॉटलंडचं राहिलं. तिथं ६२ टक्क्यांनी राहायचं म्हटलं होतं. प्रश्नोत्तरांत कुणी विचारलं तर बोलतो. धन्यवाद.