खेचरांची वाट आणि आपला बांध

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘गोव्यासाठी हरितमार्ग : एक आराखडा’. हरितमार्ग म्हणजे चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची, मोटारीविना वाट. आराखडा खिशात आहे, काळजी नसावी. पण सायकलवाला निघतो एका गावाला आणि चहा पितो भलत्याच गावात, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी लेकीकडे अमेरिकेला गेलो होतो. इथली निम्मी मंडळी नातवंडं सांभाळायला तिकडे जाऊन आलेली आहेत, त्यामुळे मॉलची वर्णनं करत नाही. मी कालवा बघितला. चेसापीक अँड ओहायो कालवा, वॉशिंग्टनपासून कंबरलंडपर्यंत, 297 किलोमीटर. होड्या ओढणारी खेचरं काठाकाठाने चालायची. त्यांची ती वाट आज पादचाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची आहे, मोटारीला मज्जाव. कालव्याचा मुहूर्त झाला 4 जुलै 1828 रोजी. त्याच दिवशी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचाही. रेल्वे कंबरलंडला पोचली 1842 मध्ये, कालवा 1850 मध्ये. उद्घाटनाच्या दिवशीच योजना शिळी! हसताय कशाला? मी कुठल्याही पुलाचं नाव घेतलेलं नाही.

1924 च्या पुरानंतर कालवा बंदच पडला. झाडं वाढली, भिंती ढासळल्या. मग पन्नासच्या दशकात सरकारी डोक्यातून कल्पना निघाली, की इथून मोटारींसाठी झकास रस्ता काढावा. जानेवारी 1954 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेख लिहून तिला पाठिंबा दिला. आता गंमत ऐका. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहिलं. पत्र लिहिणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत, मी स्वतः त्यातलाच. पण या गृहस्थांनी लिहिलं, की आधी माझ्याबरोबर ही वाट चाला, मग काय ते लिहा. आणि संपादक निघाले की हो! मार्च महिना, थंडी, न्यायमूर्ती 55 वर्षांचे. कंबरलंडहून निघाले, आठ दिवस चालले. वाटेत कुणी सामील झालं, कुणी गळलं. सगळे मिळून 58 जण होते म्हणतात, त्यातले पूर्ण अंतर चालले नऊ. त्या वर्तमानपत्राने आपली भूमिका बदलली, रस्ता बारगळला आणि 1971 मध्ये अख्खा कालवा राष्ट्रीय उद्यान झाला.

आपल्याकडे एखाद्या संपादकाला मांडवीतल्या चोडण बेटाच्या बांधावर चालायला बोलावून बघा. पहिला प्रश्न येईल, गाडी कुठपर्यंत जाते? मी एकदा बोलावलं होतं. आले. गाडीतूनच फोटो काढला. खाली बातमी: ‘निसर्गरम्य परिसर’.

बरं, बोगदा सांगायचा राहिला. पॉ पॉ नावाचा बोगदा आहे त्या वाटेवर. लांबी सुमारे 950 मीटर, बांधायला 14 वर्षं, आत साठ लाखांच्या वर विटा. नदीची वळणं टाळायला खोदला. आत दिवा नाही. सायकल ढकलत न्यायची, एका बाजूला कठडा, पलीकडे काळं पाणी. लेकीने चार वेळा बजावलं होतं, टॉर्च घ्या. मी कशाला घेतोय! मधोमध पोचलो आणि मोबाइलनेही मान टाकली. समोरून पावलांचा आवाज. घंटी वाजवायला गेलो तर ती सकाळीच कुठेतरी पडलेली. मग काय, तोंडाने आपल्या पोदेराचा, म्हणजे सायकलवरच्या पाववाल्याचा, भोंपू वाजवला. पों पों, पों पों! पलीकडची पावलं जागीच थांबली. बाहेर पडल्यावर ते जोडपं माझ्याकडे ज्या नजरेने बघत होतं, ती मी विसरणार नाही. त्यांना कुठे ठाऊक, या आवाजाबरोबर पावातली गरम पोई येते ते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘पाच मिनिटं’. खाली दोन रेघा. बरं, आराखडा.

मुद्दा असा. कालव्याच्या पाण्याला चढ चालत नाही, म्हणून त्या अख्ख्या वाटेवर चढ आहे जेमतेम 184 मीटरचा. पर्वरीची चढण सायकलने चढलेल्यांना याचं मोल कळेल. कंबरलंडच्या पुढे जुन्या रेल्वेच्या मार्गावरून आणखी 240 किलोमीटर थेट पिट्सबर्गपर्यंत जाता येतं. दुसऱ्याच कामासाठी केलेल्या सपाट वाटा लोकांनी नुसत्या जोडल्या.

आपल्याकडे सपाट वाट कोणती? खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीचा, बांध! खारं पाणी अडवायला बापजाद्यांनी घातला. भरती आली की मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते, ओहोटीला उघडते, आत कोरगुट भात पिकतं. आणि बांधाला बांध जोडायला फेरीबोट आहेच. 5 जुलै 1986 रोजी मांडवीचा पूल कोसळला तेव्हा पणजीला कुणी तारलं, आठवतं ना?

तर पहिला टप्पा लिहून घ्या. पणजीहून 1633-34 च्या लिन्यारीश बांधावरून रायबंदर. तिथे मोटारी आहेत, कडेने पट्टा मागावा लागेल. मग जुने गोवे, व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर, फेरीने दिवाडी बेट, आतल्या शेतांच्या कडेने पलीकडे, पुन्हा फेरी आणि नार्वे. सप्तकोटेश्वर दिवाडीहून नदी ओलांडून नार्व्याला गेला, 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. म्हणजे ही वाट आधी देवाने चालून तपासलेली आहे.

सिमेंट नको. फरशी नको, दिव्यांचे खांब तर मुळीच नकोत. बांध मातीचा, चिऱ्याचा आणि खारफुटीच्या आधाराचाच राहू दे. पूर्वी गांवकारीची (आजच्या कोमुनिदादीची, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) माणसं त्यावरून फिरायची, खेकड्याचं भोक दिसलं की बुजवायची. आज भोकाचं भगदाड होईपर्यंत कुणाला पत्ता नसतो. रोज चार माणसं चालली तर निदान बोंब तरी वेळेत होईल. वाट मात्र कुळांना आणि कोमुनिदादींना विचारून, पेरणी-कापणी सांभाळून. यावर अर्धा तास बोलणार होतो.

दुसरी चिठ्ठी आली. हिच्यावर नुसतं उद्गारचिन्ह आहे. रविवारी सकाळी साडेसहाला मी जुन्या गोव्याच्या फेरी धक्क्यावर आहे, सायकल नसेल त्यांनी चालत यावं. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, पण लवकर, माझी फोंड्याची बस चुकेल.