जेट्टीवर अडलेला माल

श्रोतेहो, नमस्कार. मी नेरुळला राहतो आणि गेली बावीस वर्षं न्हावा शेवा बंदरातून लोकांचा माल परदेशी पाठवण्याची कागदपत्रं करतो. आमच्या धंद्याला क्लिअरिंग म्हणतात. महायुद्ध हा काही माझा प्रांत नव्हे. पण युद्ध माझ्या टेबलावर आलं ते भाड्याच्या बिलातून, म्हणून आज पहिल्या महायुद्धात तटस्थ अमेरिका व्यापारापायी कशी ओढली गेली, त्यावर बोलतो.

गोष्ट २०२४च्या जानेवारीतली. निफाडच्या एका बागायतदाराची द्राक्षं रॉटरडॅमला निघाली होती. रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर बंदराच्या गेटातून आत गेला आणि मागोमाग बिल आलं. नेहमीच्या रकमांखाली एक नवी ओळ होती, इमर्जन्सी सरचार्ज. तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले चालू होते, त्यामुळे जहाज सुएझ सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, म्हणजे केपला, वळसा घालून जाणार, म्हणजे दहा-पंधरा दिवस जास्त. द्राक्षाला तेवढे दिवस पुष्कळ होतात. आधी देठ तपकिरी पडतो, मग मणी गळायला लागतात. त्यानं फोनवर विचारलं, "साहेब, भांडण त्यांचं आणि पैसे आमच्याकडून?"

हाच प्रश्न १९१४ साली अमेरिकेतला कापूसवाला विचारत होता. युरोपात ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. अध्यक्ष विल्सन यांनी देश तटस्थ राहील असं जाहीर केलं, नुसत्या कृतीनं नव्हे तर मनानंही तटस्थ राहा, असं लोकांना बजावलं. लोकांनाही तेच हवं होतं. आणि या तटस्थ सरकारनं महिन्याभरात काय केलं? जहाजांसाठी युद्धविम्याचं सरकारी खातं उघडलं. मला या एका गोष्टीचं फार नवल वाटतं. लढायचं नाही हे पक्कं, पण जहाजं थांबवायची नाहीत हेही तितकंच पक्कं.

आता समुद्र कुणाचा होता? ब्रिटिश आरमाराचा. जर्मनीकडे जाणारा माल ब्रिटननं अडवायला सुरुवात केली. १९१५च्या ऑगस्टमध्ये कापूससुद्धा निषिद्ध मालाच्या यादीत टाकला, कारण कापसापासून स्फोटकं बनतात. दक्षिणेतले शेतकरी खवळले. मग भाव पडू नये म्हणून ब्रिटननंच कापूस विकत घ्यायला घेतला. झालं, ओरड थंडावली. दोन वर्षांत दोस्तांकडे, म्हणजे ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूकडे, जाणारा अमेरिकी माल जवळजवळ चौपट झाला आणि जर्मनीकडचा नावापुरता उरला. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. एकच रस्ता उघडा राहिला, तर माल त्याच रस्त्यानं जाणार.

मग उधारी. परराष्ट्रमंत्री ब्रायन यांनी सुरुवातीला लढणाऱ्या देशांना कर्ज देऊ नये असं धोरण ठेवलं होतं. पण गिऱ्हाइकाचे पैसे संपले की दुकानदार काय करतो? वही उघडतो. ऑक्टोबर १९१५मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सला मिळून ५० कोटी डॉलरचं कर्ज उभं राहिलं. ब्रायन तोवर राजीनामा देऊन घरी गेले होते.

त्या राजीनाम्यामागे 'लुसितानिया' होती. ७ मे १९१५ला आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीनं न्यूयॉर्कहून निघालेलं हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवलं. अठरा मिनिटांत सगळं आटोपलं. बाराशेच्या आसपास माणसं गेली, त्यात १२८ अमेरिकी. आमच्या धंद्यातल्या लोकांची नजर मात्र मॅनिफेस्टकडे जाते, म्हणजे जहाजातल्या मालाच्या यादीकडे. त्यात काडतुसांच्या सुमारे ४,२०० पेट्या होत्या. वर उतारू आणि खाली काडतुसं. माणसं मारणं त्यानं समर्थनीय ठरत नाही, पण तटस्थ बंदरातून निघालेल्या जहाजाच्या पोटात युद्ध आधीच जाऊन बसलं होतं.

तरीही अमेरिका उतरली नाही. विल्सन जर्मनीला रागाची पत्रं पाठवत राहिले, ती न पटल्यानंच ब्रायन गेले होते, आणि १९१६ची निवडणूक 'यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं' या घोषणेवर जिंकले. निकालानंतर पाच महिन्यांत त्यांनीच युद्ध मागितलं.

मधे काय घडलं? १ फेब्रुवारी १९१७पासून जर्मनीनं ब्रिटनभोवतालच्या पाण्यात दिसेल ते जहाज बुडवायचं ठरवलं. अमेरिकी मालक जहाजं सोडेनात. न्यूयॉर्कच्या जेट्टीवर मालाचे ढीग लागले. जेट्टी तुंबली की काय होतं, हे उरण-जासईच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ड्रायव्हर शिव्या देतो, गोदामवाला भाडं लावतो, कारखानदार फोन करतो, आणि शेवटी सगळे मिळून सरकारच्या नावानं ओरडतात. मार्चमध्ये विल्सननी व्यापारी जहाजांवर तोफा बसवायला परवानगी दिली. त्यातच मेक्सिकोनं जर्मनीच्या बाजूनं उतरावं म्हणून त्याला टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवून देण्याचं आमिष दाखवणारी जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांची तार छापून आली. गंमत म्हणजे ती तार अमेरिकेच्याच राजनैतिक तारयंत्रणेतून गेली होती! ६ एप्रिलला युद्ध जाहीर झालं. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६, खालच्या सभागृहात ३७३ विरुद्ध ५०.

सावकारांनी देश युद्धात ढकलला, असं पुढे पुष्कळांनी म्हटलं. मला ते अर्धंच पटतं. जहाजं जर्मनीनं बुडवली, सावकारांनी नव्हे. पण अडीच वर्षांच्या व्यापारानं तराजू इतका कलला होता की कुणाच्या बाजूनं उतरायचं, हा प्रश्नच राहिला नव्हता.

अमेरिकेनं यातून धडाही घेतला. १९३९मध्ये कायदा केला की रोख पैसे द्या आणि माल तुमच्याच जहाजातून न्या, आमची जहाजं युद्धाच्या पाण्यात जाणार नाहीत. उधारी नको, जहाज नको. दोन वर्षांत दोन्ही सुटलं आणि डिसेंबर १९४१मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला, अमेरिका पुन्हा युद्धात.

आपल्याला मात्र अडीच वर्षं सोडाच, अडीच तासही कुणी दिले नाहीत. १९१४ला लंडननं युद्ध पुकारलं, हिंदुस्थान आपोआप त्यात. मराठा पलटणी मुंबईच्या गोदीतून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेल्या, आणि एप्रिल १९१६मध्ये तिथल्या कुत गावी वेढ्यात उपाशी राहून शरण गेलेल्या सैन्यात त्याही होत्या. १९३९मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कुणालाही न विचारता देश युद्धात असल्याचं जाहीर केलं. मुंबईत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. युद्ध चालूच राहिलं.

आता युद्धात उतरायचं की नाही, हे ठरवणारे आपणच आहोत. २३ डिसेंबर २०२३ला गुजरातच्या किनाऱ्यापासून दोनशेहून अधिक सागरी मैलांवर मंगळूरला निघालेल्या 'केम प्लुटो' जहाजावर ड्रोन आदळला. खलाशांत वीस भारतीय होते. दोन दिवसांनी ते जहाज मुंबईबाहेर नांगरलं, आणि आपल्या नौदलानं 'मुरगाव', 'कोची', 'कोलकाता' या विनाशिका अरबी समुद्रात उतरवल्या. ती बातमी वाचताना मला १९१७च्या त्या तोफा आठवल्या.

निफाडची द्राक्षं पोचली. गिऱ्हाइकानं भाव पाडला, बागायतदारानं सोसला. पुढच्या हंगामात त्याचा फोन आला तेव्हा भाड्याच्या आधी त्यानं विचारलं, "साहेब, यंदा जहाज कुठून?"

"केपवरून," म्हटलं. "अजून केपवरूनच."