घरात फोन एकच असतो

मानसोपचारात कॉम्प्युटर वापरायचा हे काही आजचं नाही बरं का. १९६६ ला अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम केला, तो आपलंच वाक्य फिरवून आपल्यालाच प्रश्न विचारायचा, तरी लोक त्याच्यापाशी मनातलं बोलायला लागले आणि ते बघून वायझेनबॉमच अस्वस्थ झाले.

आपल्याकडं ऐकणारे फार कमी आहेत. निम्हान्स ही बंगळूरूची मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, तिच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आलंय की आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. त्यात औंढ्याकडच्या नाहीतर परतूरकडच्या माणसाला जिल्ह्याला यायचं म्हणजे मजुरी बुडवायची, एसटी धरायची, आणि गावात कुणी विचारलं कुठं गेलतास, तर काय सांगायचं?

म्हणून मी एआय वापरते ते पहिल्या पायरीपुरतं. नैराश्य आहे का ते चाचपायला पीएचक्यू-९ म्हणून नऊ प्रश्न आहेत, मागच्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक लागते का, कशात मन लागतं का, असे. कागद हातात दिला की बाई सगळ्याला नाही म्हणून मोकळी होते. तेच एआयनं फोनवर, आवाजात, आपल्या मराठीत विचारलं आणि तिला तिच्या पद्धतीनं सांगू दिलं, की जेवण जाईना बघा, छातीत धडधड होतीय, तर ती बोलते. एआय ते लिहून काढतं, मी सगळं वाचते आणि कुणाला आधी फोन करायचा ते मी ठरवते, ते काम मी एआयवर सोडत नाही.

आता खरी अडचण सांगते. घरात फोन एकच असतो, तो पोराकडं नाहीतर मालकाकडं. सूनबाई सासूबद्दल बोलली आणि ते स्क्रीनवर तसंच राहिलं तर संध्याकाळी घरात काय होईल? म्हणून फोनमध्ये काही ठेवायचं नाही, परत कॉल केला तर आधी विचारायचं आत्ता बोलता येतंय का, दुसऱ्या कुणी उचलला तर विषयच काढायचा नाही. आशाताईच्या फोनवरून बोलायचं तर आशाताईनं बाहेर ओसरीवर बसायचं, कारण ती पण गावातलीच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गुप्तता हा पेशंटचा हक्कच केलाय, पण तो पाळायचा कसा हे असं घरात बसूनच कळतं.

नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा. तिथं एआयनं गप्पा मारायच्या नाहीत, सल्ला द्यायचा नाही, लगेच माणसाशी जोडून द्यायचं. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. लातूरला क्लासेससाठी राहणाऱ्या पोरापोरींनो, हा नंबर आत्ताच सेव्ह करा. आणि शेतकऱ्याच्या घरी असं काही जाणवलं तर फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याकडं कुलपात. श्रीलंकेनं जास्त विषारी कीटकनाशकांवर बंदी आणली तेव्हा तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या, म्हणून मी हे प्रत्येक घरी सांगते.

आशाताई बऱ्याच आल्यात आज, तुम्ही जरा मागं थांबा, प्रश्न एकदा मोठ्यानं विचारून बघू आणि कुठला तुमच्या गावात विचारायला अवघड जाईल ते मला सांगा, तो आपण बदलून घेऊ.